रूळ आणि रुळलेली वाट

चाकाचे कौतुक आजवर पुष्कळांनी केले आहे. शाळेच्या पुस्तकात ते आहे, निबंधस्पर्धेत आहे, आणि आम्हां प्रवचनकारांनीही त्याला काही कमी राबवलेले नाही. परंतु जड वस्तू ओढण्यापेक्षा गोल वस्तूवर ठेवून लोटणे सोपे का जाते, असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर ‘कारण चाक गोल असते’ इथेच थांबते. धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलीने हेच उत्तर दिले आणि लगेच स्वतःच विचारले, ‘‘पण फादर, गोल असल्याने होतं काय?’’ या चिमुकल्या प्रश्नाने मला नंतर बरेच वाचायला लावले. वाचण्यामागे माझे एक खासगी कारणही होते. ते पुढे ओघाने येईलच.

घर्षणाच्या शास्त्राला ‘ट्रायबॉलॉजी’ म्हणतात. शब्द तसा नवा आहे. ब्रिटनमध्ये १९६६ साली पीटर जोस्ट यांच्या अहवालामुळे तो रूढ झाला. त्याचे मूळ मात्र ग्रीक आहे. ‘त्रिबो’ म्हणजे घासणे. सेमिनरीत ज्यांनी नव्या कराराचे ग्रीक गिरवले आहे, त्यांना याच धातूपासून आलेला ‘त्रिबोस’ हा शब्द ओळखीचा असेल. योहान बाप्तिस्ता प्रभूच्या ज्या वाटा नीट करायला सांगतो, त्या वाटांसाठी शुभवर्तमानात हाच शब्द आला आहे. त्रिबोस म्हणजे दगड-खडी घालून बांधलेला राजरस्ता नव्हे. पावलांनी घासून घासून पडलेली वाट. मराठीत आपण तिला रुळलेली वाट म्हणतो. रूळ म्हणजे गोल दांडका, रूळ म्हणजे लोहमार्ग, आणि वाटही रुळते! व्युत्पत्तीचा निवाडा भाषापंडितांनी करावा. घासणे आणि घरंगळणे आपल्या भाषेत असे शेजारी शेजारी नांदतात, याची मला मात्र मोठी गंमत वाटते.

घर्षणाचे पहिले नियम लिओनार्दो दा विंचीने आपल्या वह्यांत टिपून ठेवले होते. पण त्या वह्या जगाला पुष्कळ काळ दिसल्याच नाहीत. त्यांतल्या दोन तर माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात भलत्याच जागी पडून होत्या, त्या १९६७ साली उजेडात आल्या. मध्यंतरी १६९९ साली ग्योम आमोंतों या फ्रेंच संशोधकाने तेच नियम नव्याने शोधले. तरुण वयातच श्रवणशक्ती गमावलेल्या या माणसाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे जो नियम मांडला, तो ऐकून विद्वानही बुचकळ्यात पडले. घर्षण वजनावर अवलंबून असते, टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर नाही, असा तो नियम. वीट पसरट बाजूवर ठेवून ओढा की कडेवर ठेवून ओढा, जोर सारखाच लागतो.

असे का व्हावे? आमोंतोंने, आणि पुढे १७८० च्या दशकात कूलोमने, खडबडीतपणाकडे बोट दाखवले. प्रत्येक पृष्ठभागावर बारीक टेकड्या आणि खळगे असतात, ते एकमेकांत अडकतात, आणि ओढताना एका टेकडीला दुसरीवर चढावे लागते. हे स्पष्टीकरण आजही अनेकांच्या तोंडी आहे. ऐकायला ते बरे वाटते, पण त्यात एक मोठी उणीव आहे. टेकडी चढायला जो जोर लागतो, तो उतरताना परत मिळायला हवा. मग ओढणाऱ्याचे श्रम जातात कुठे? शिवाय खडबडीतपणा हेच कारण असेल, तर पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितके घर्षण कमी व्हायला हवे. काचेच्या दुकानात एकमेकींवर ठेवलेल्या दोन स्वच्छ काचा सुट्या करताना दुकानदाराची काय तारांबळ उडते, हे पाहिलेला मनुष्य या तर्कावर सहसा विश्वास ठेवणार नाही.

हा संशय प्रथम जोरकसपणे मांडणारा गृहस्थ एक धर्मोपदेशक होता, हे सांगताना मला थोडा व्यावसायिक अभिमान वाटतो. जॉन थिओफिलस देझागुलिए हा अँग्लिकन पंथाचा. जन्माने फ्रेंच प्रोटेस्टंट. आपल्याच पंथाच्या चौदाव्या लुई राजाने १६८५ साली प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा परागंदा झालेल्या कुटुंबांपैकी त्याचे एक. फ्रान्सने गमावलेला हा बुद्धिमान मुलगा इंग्लंडला मिळाला. १७२० च्या दशकात त्याने शिशाचे दोन गोळे घेतले, प्रत्येकाचा अगदी छोटा तुकडा चाकूने कापून ताजा, चकचकीत भाग उघडा केला, आणि ते दोन भाग हाताने किंचित पिळून एकमेकांवर दाबले. गोळे चिकटले, ते असे की खालच्या गोळ्याला कित्येक पौंडांचे वजन टांगले तरी सुटेनात. दोन घन पदार्थ खरोखरच जवळ आले, की ते एकमेकांना धरतात. घर्षणाचे मूळ अडकण्यात कमी आणि या धरण्यात अधिक असावे, ही कल्पना त्याने पुढे ठेवली. तिच्याकडे पुढची सुमारे दोनशे वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर केंब्रिजमध्ये फ्रँक बाउडेन आणि डेव्हिड टेबर या दोघांनी ती कल्पना पक्क्या पायावर उभी केली. त्यांचा ग्रंथ १९५० साली निघाला. त्यातला मुख्य विचार आपण घरगुती हिशेबाने समजून घेऊ. समजा, पोलादी लादीवर एक शंभर किलोची तिजोरी आहे. तिचा तळ दोन हात लांब-रुंद दिसतो. पण सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टीने तळ आणि लादी हे दोन डोंगराळ प्रदेश आहेत, एकावर एक उपडे घातलेले. टेकतात ती फक्त शिखरे. इतकी थोडी शिखरे शंभर किलो कशी पेलणार? ती चेपतात, आणि एकूण टेकलेली जागा वजन पेलण्याइतकी होईपर्यंत चेपत राहतात. साध्या पोलादाचा कठीणपणा ध्यानी घेऊन गणित केले, तर ही खरी टेकलेली जागा एक चौरस मिलिमीटरही भरत नाही. मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेवर सारी तिजोरी उभी! तळ मोठा केला तर शिखरे जास्त टेकतील, पण प्रत्येकीवरचा भार कमी होईल. बेरीज तीच राहील. आमोंतोंच्या विटेचे कोडे असे सुटले.

आता त्या चेपलेल्या शिखरांवर काय घडते, ते पाहावे. तिथे दाब इतका प्रचंड असतो की दोन्हीकडचे अणू देझागुलिएच्या शिशासारखे एकमेकांना धरतात. बारीक सांधे तयार होतात, जणू न तापवता केलेले वेल्डिंग. वस्तू सरकवायची म्हणजे हे सगळे सांधे आडवे फाडायचे. एक फाटतो तोवर पुढे दुसरा जुळतो, तोही फाडायचा. कधी सांध्याऐवजी शेजारचा मऊ धातूच तुटतो आणि त्याचा कण समोरच्याला चिकटून जातो. आपण ज्याला झीज म्हणतो, ती ही. तेल किंवा ग्रीस लावतात ते एवढ्याचसाठी, की अणूंची ती गाठभेट होऊच नये.

आणि घरंगळणे? चाक किंवा गोळा जमिनीला टेकतो, तिथेही हेच सांधे जुळतात. फरक आहे तो सुटण्याच्या रीतीत. घरंगळणाऱ्या वस्तूची पुढची बाजू जमिनीवर वरून टेकत जाते आणि मागची बाजू वर उचलली जात असते. आडवे फाडणे जवळजवळ नाहीच. जखमेवरची चिकटपट्टी त्वचेला समांतर ओढून पाहा, ती हलायची नाही. तीच एका टोकाला धरून उचलत गेलात, तर सहज निघते. शिवाय वरचा भार सरकताच चेपलेला धातू स्वतःच थोडा वर उसळतो आणि आपले सांधे आपणच तोडतो. त्या मुलीच्या प्रश्नाचे माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर हे आहे: गोल असल्याने ओढून तोडण्याऐवजी उचलून सोडवणे घडते.

तरीही घरंगळणे अगदी फुकट होत नाही. सपाट मैदानावर सोडलेला चेंडूसुद्धा कुठेतरी थांबतोच. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८७६ साली रबराच्या प्रयोगांवरून असे मानले, की चाकाखाली जे किंचित सरकणे चालू राहते, ते याचे कारण. टेबरने १९५० च्या दशकात ही समजूत तपासून पाहिली. पोलादी गोळा रबरावर घरंगळवताना मध्ये वंगण लावले, तरी विरोधात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सरकणे हे मुख्य कारण असते, तर वंगणाने तो घटला असता. खरे कारण खोलवर होते. गोळा पुढचे रबर दाबत जातो आणि मागचे रबर उसळून त्याला पुढे ढकलते. पण उसळताना ते घेतले तेवढे देत नाही. उधारीतला थोडा भाग बुडतो आणि उष्णता होऊन जातो. वंगणाला तिथे पोहोचताच येत नाही, कारण हा व्यवहार पृष्ठभागावर नव्हे, पदार्थाच्या पोटात चालतो.

हे मी पुस्तकात वाचले त्याच्या काही वर्षे आधी एका वृद्ध कोळीबाबांकडून ऐकले होते, अर्थात वेगळ्या शब्दांत. आमच्या चर्चचा विस्तार चालला होता. जुनी दगडी वेदी चाळीसेक पावले पुढे न्यायची होती. अखंड काळ्या दगडाची शिळा. लांबी-रुंदीवरून वजन सव्वा टनाच्या घरात निघत होते. तिच्यासमोर धर्मग्रामातील तीन पिढ्यांची लग्ने लागली होती, आणि तिला तडा गेला असता तर मला लोकांना तोंड दाखवणे जड गेले असते. कंत्राटदाराने लोखंडी पाइप आणले. ते नुकत्याच भरलेल्या, अजून पुरत्या न आळलेल्या जमिनीवर तो मांडू लागला, तेव्हा हे बाबा पुढे झाले. किनाऱ्यावर होड्या चढवण्या-उतरवण्यात त्यांचा जन्म गेलेला.

‘‘फादर, आधी फळ्या टाका,’’ ते म्हणाले. ‘‘वाळूत नुसता ओंडका घातला की ओंडका खाली जातो आणि होडी जागेवर राहते. आधी फळी, मग ओंडका, मग होडी.’’

‘‘पण काका, खाली वाळू नाही, भराव आहे.’’

‘‘नरम ते नरमच. नरम जमीन जोर खाते.’’

सागाच्या जाड फळ्या आल्या. बाबांनी त्या स्वतः केरसुणीने झाडल्या. हरभऱ्याएवढा खडासुद्धा पाइपाला अडवतो, असे त्यांचे म्हणणे. मग पहारींनी शिळा उचलून पाइपांवर घेतली, आणि जी दगडावर दगड ओढायला सात-आठशे किलोंचा जोर लागला असता, ती वेदी चार माणसांनी हाताच्या तळव्यांनी ढकलत नेली. मागे सुटलेला पाइप उचलून पुढे नेऊन ठेवण्याचे काम पोरांना फार आवडले. ‘नरम जमीन जोर खाते’ या तीन-चार शब्दांत टेबरचा सिद्धांत आहे, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते.

रेल्वे म्हणजे याच फळीची आणि ओंडक्याची पराकाष्ठा. पोलादाचे चाक, पोलादाचा रूळ. दोन्ही इतके कठीण की चेपतात फार थोडे आणि घेतलेले जवळजवळ सगळे परत करतात. आठ-दहा टनांचा भार पेलणारे एक चाक रुळाला टेकते ते एखाद्या लहान नाण्याएवढ्या जागेवर. सपाट मार्गावर एक टन वजन चालते ठेवायला एक ते दोन किलोंचा जोर पुरतो. तेच एक टन पोलाद कोरड्या पोलादावर घसरत न्यायचे, तर चार-पाचशे किलो लागतील. आमच्याकडच्या हजारो माणसांना रोज पहाटे मुंबईला नेणारी लोकल या फरकावर चालते.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती मला एका निवृत्त मोटरमनने समजावली. घर्षण नसेल तर चाक घरंगळणारच नाही. जागच्या जागी फिरत राहील. चाकाने रुळाला धरावे लागते, तेव्हाच गाडी पुढे जाते. पहिल्या पावसात रुळावरची धूळ आणि तेल यांचा राडा झाला, की ही पकड सुटते. ब्रेक लावल्यावर चाक फिरायचे थांबते आणि गाडी मात्र पुढे जातच असते. म्हणजे चाक चाक न राहता घसरगाडी होते. काही सेकंदांचा हा खेळ, पण टेकलेली ती नाण्याएवढी जागा घर्षणाने सातशे अंशांच्याही वर तापते आणि पकड परत येताच भोवतालच्या थंड पोलादामुळे क्षणात निवते. लोहार तापलेले पाते पाण्यात बुडवतो, तसेच हे. तिथले पोलाद काचेसारखे कठीण आणि ठिसूळ होते, पुढे त्याला चिरा पडतात, टवके उडतात. चाकावर एक सपाट डाग राहतो, आणि मग प्रत्येक फेऱ्याला ‘ठक, ठक’ असा आवाज येतो. ‘‘डब्यात बसून तो आवाज ऐकला ना फादर, की समजायचं, हे चाक कधीतरी घसरलं होतं,’’ मोटरमन म्हणाले. तेव्हापासून प्रवासात माझा कान त्या आवाजाकडे लागलेला असतो. जपमाळेत त्यामुळे व्यत्यय येतो, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक बारकावा. नीट चालणारे चाकही पूर्णपणे घरंगळत नसते. एफ. डब्ल्यू. कार्टर या इंग्रज अभियंत्याने १९२६ साली इंजिनाच्या चाकाचे गणित मांडून दाखवले, की त्या नाण्याएवढ्या जागेचा पुढचा भाग रुळाला घट्ट धरून असतो आणि मागचा भाग किंचित सरकत असतो. जोर जितका अधिक, तितका सरकणारा भाग मोठा. म्हणजे घरंगळणे आणि सरकणे यांत आपण कल्पितो तशी भिंत नाहीच. एकाच पावलात दोन्ही असतात.

अणूंच्या पातळीवर तर हे चित्र आणखी चमत्कारिक होते. १९९९ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या ग्रॅफाइटवर ठेवल्या आणि अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या सुईने त्यांना ढकलले. नळी केसाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. ती घरंगळेल की सरकेल? उत्तर ढकलण्यावर ठरले नाही, तर ती कोणत्या कोनात पडली आहे यावर ठरले. दोन पन्हाळी पत्रे नळीला नळी जुळवून एकमेकांवर ठेवले तर ते आडवे सरकत नाहीत. एक पत्रा थोडा फिरवून ठेवला, की खुशाल सरकतो. तसेच इथे झाले. नळीच्या अणूंची रांग खालच्या अणूंच्या रांगेत बसली, की नळी दातेरी चाकासारखी घरंगळली. नाही बसली, की सरकली. घरंगळायला पकड लागते, हे मोटरमनचे म्हणणे इतक्या खालीही खरे ठरले. पुढे २००४ साली नेदरलँड्समधील लायडन इथे ग्रॅफाइटचा सूक्ष्म कपचा ग्रॅफाइटवरच फिरवून सरकवला, तेव्हा रांगा न जुळणाऱ्या कोनांत घर्षण जवळजवळ नाहीसे झाले. चाक नाही, वंगण नाही, आणि तरीही सरकणे जवळपास फुकट. याउलट, फुटबॉलच्या आकाराचे कार्बनचे रेणू १९८५ साली सापडले, तेव्हा त्यांच्या रूपाने आता रेणूंचे बॉलबेअरिंग मिळणार, अशी काहींना मोठी आशा होती. वंगण म्हणून ते त्या आशेला पुरे पडले नाहीत. गोल असणे म्हणजे सर्व काही नव्हे.

सरकण्याला कमी लेखू नये, हे मला आता स्वतःच्या शरीरावरून पटले आहे, आणि सुरुवातीला म्हटलेले खासगी कारण ते हेच. दोन वर्षांपासून माझा उजवा गुडघा कुरकुरतो. मानवी गुडघा हा घरंगळणे आणि सरकणे यांचा जोडसांधा आहे. जर्मनीतील वेबर बंधूंनी १८३६ सालीच हे लिहून ठेवले. पाय वाकू लागला, की मांडीचे हाड नडगीच्या हाडावर प्रथम थोडे घरंगळते, आणि मग जवळजवळ जागच्या जागी सरकत फिरते. ते नुसतेच घरंगळत राहिले असते, तर मागच्या कडेवरून खाली उतरले असते, कारण वरच्या हाडाची गोलाई खालच्या बैठकीहून कितीतरी लांब आहे. या सरकण्यासाठी निर्मात्याने जी कूर्चा दिली, तिचे घर्षण निरोगी सांध्यात इतके कमी असते, की पोलादाच्या चाकालाही तिच्याशी स्पर्धा सोपी नाही. तिच्यात तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी असते, आणि भार प्रथम ते पाणीच झेलते. घनाला घन फारसा टेकतच नाही. मात्र फार वेळ एकाच जागी भार ठेवला, तर पाणी हळूहळू पिळून निघते आणि घर्षण वाढते. लांबलचक प्रवचने देणाऱ्या माझ्या धर्मगुरुबंधूंनी याची नोंद घ्यावी.

माझ्या गुडघ्यात ती कूर्चा आतल्या बाजूला जवळजवळ संपली आहे. हाडाला हाड टेकते. गेल्या उपवासकाळात क्रूसाच्या वाटेची भक्ती मी चौदाही स्थाने उभ्यानेच केली. लोक गुडघे टेकत होते आणि मी बाकाच्या कडेला धरून वाकत होतो. कोणी काही बोलले नाही. एका आजींनी मात्र नंतर तेलाची बाटली आणून दिली. वंगण कुठवर पोहोचते, हे मी त्यांना सांगत बसलो नाही, तेल लावले.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला आहे. नव्या सांध्यात वर कोबाल्ट-क्रोमियमचा गुळगुळीत मिश्रधातू असतो आणि खाली पॉलिइथिलीनची बैठक. इथेही काळजी त्या मोहरीएवढ्या जागांचीच. सरकताना बैठकीचे जे कण सुटतात, ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असू शकतात. शरीर त्यांना शत्रू समजून त्यांच्यावर धावून जाते, आणि त्या लढाईत वर्षानुवर्षांनी भोवतालचे हाड झिजते. म्हणून डॉक्टर वयाचा, वजनाचा, चालण्याचा हिशेब करतात. त्यांनी मला कागदावर आकृती काढून दाखवली. बैठकीच्या मधोमध एक छोटा खुंट होता. गुडघा वाकू लागला की वरचा आडवा दांडा त्या खुंटाला टेकतो आणि मांडीच्या हाडाला वेळेवर मागे नेतो. जे काम पूर्वी अस्थिबंध करत असत, ते.

मी त्यांना एकच गोष्ट विचारली: गुडघे टेकता येतील का? ते म्हणाले, काहींना येते, काहींना टोचते, काहींना धैर्य होत नाही. सहा महिन्यांनी जाड गादीवर टेकून पाहू. पावसाळा संपल्यानंतरची तारीख घेतली आहे.